किल्ल्यांचा जुडगा आणि संगणकातील अधिकारमर्यादा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातील पन्नास वर्षांपूर्वीचे कापडाचे दुकान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना गादीवर लोडाला टेकून बसलेले मालक आणि त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा नक्कीच आठवत असेल. त्या दुकानात कामांची वाटणी कोठेही लिहिलेली नसे, पण ती काटेकोरपणे पाळली जाई. दुकानातला पोऱ्या कापडाचे तागे काढून देई आणि संध्याकाळी घड्या घालून परत रचून ठेवी. गल्ल्याला मात्र तो हात लावीत नसे. गजाने कापड मोजून देणारा नोकर भाव सांगे, परंतु पैसे घेणारा दुसराच असे. दिवाणजी कीर्द लिहीत, खतावणी करीत, उधारीचा पै न् पै हिशेब त्यांच्या जिभेवर असे. तरीही तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे नसे. देवस्थानाच्या किंवा धर्मादाय संस्थेच्या तिजोरीला तर दोन कुलुपे असत आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या विश्वस्तांकडे असत. एकटा उघडू शकत नाही, हीच त्या तिजोरीची खरी मजबुती होती.

या व्यवस्थेत कोणाला अपमान वाटत नसे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. दिवाणजींवर अविश्वास होता म्हणून किल्ली दिली नाही, असे कोणी म्हणत नसे. किल्ली नसल्यामुळे दिवाणजीही निर्धास्त असत. रोकड कमी भरली तरी त्यांच्याकडे बोट दाखवायला जागाच नसे.

पुढे दुकानात संगणक आला. बिले, साठा, उधारी, कराची विवरणे, बँकेचे व्यवहार हे सारे एका पडद्यावर आले. सोय झाली, वेळ वाचला, यात शंकाच नाही. मात्र जुन्या दुकानाची ती शिस्त नव्या यंत्रात उतरली नाही. संगणकावर एकच नाव, एकच पासवर्ड. तो मालकांना माहीत, मुलांना माहीत, बिले करणाऱ्याला माहीत, दुरुस्तीला येणाऱ्यालाही माहीत. कधीकधी तर तो कागदावर लिहून पडद्याच्या कडेलाच चिकटवलेला असतो. ज्या मालकाने तिजोरीची किल्ली सख्ख्या भावाच्या हाती देतानाही क्षणभर विचार केला असता, त्याच मालकाच्या संगणकाची सर्व दारे सर्वांना सताड उघडी असतात. आजच्या विषयाची निकड येथूनच सुरू होते.

संगणकात अनेक प्रोग्राम असतात, परंतु त्या सर्वांवर देखरेख करणारी एक मुख्य व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स आणि मोबाइलमधील अँड्रॉइड ही तिची परिचित उदाहरणे. स्मृती कोणाला किती द्यायची, फाइल कोणाला उघडू द्यायची, छपाईयंत्र कोणाच्या पाळीला द्यायचे, हे सर्व निर्णय ती घेते. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असतो.

येथे प्रोग्राम आणि प्रोसेस यांतील भेद समजून घेतला पाहिजे. पुरणपोळीची कृती पुस्तकात लिहिलेली असते, तोवर ती केवळ अक्षरे असतात. चुलीवर पुरण शिजू लागले की तीच कृती प्रत्यक्ष काम बनते. तसेच डिस्कवर पडून असलेला प्रोग्राम काहीच करीत नाही. तो चालू झाला की त्याची प्रोसेस होते, आणि जे काही बरे-वाईट घडते ते प्रोसेसच्या हातून घडते. म्हणून कार्यप्रणाली अधिकार तपासते ते प्रोसेसचे. खुर्चीवर बसलेला मनुष्य तिला दिसत नाही. तिला दिसते ती त्या माणसाच्या नावाने चालणारी प्रोसेस.

प्रोसेस सुरू होताना तिला एक ओळख मिळते. ज्या वापरकर्त्याने तिला सुरू केले, त्याचे अधिकार ती आपल्यासोबत घेऊन निघते. व्यवहारात याला जवळचा शब्द मुखत्यारपत्र हा आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या शेताचा फेरफार करून आणण्यासाठी कोणाला खास मुखत्यारपत्र दिले, तर त्याला तेवढेच काम करता येते. परंतु कुलमुखत्यारपत्र दिले, तर तो घर विकू शकतो, कर्ज काढू शकतो, सर्व काही करू शकतो. संगणकावर सर्वाधिकारी, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रवेश करून ईमेलमधून आलेली फाइल उघडणे आणि पुढे येणाऱ्या सूचनांना सवयीने होकार देत जाणे, म्हणजे अनोळखी माणसाला कुलमुखत्यारपत्र लिहून देणे होय. फरक एवढाच, की येथे मुद्रांकाचा कागद लागत नाही आणि साक्षीदारही नसतो.

ही तपासणी कार्यप्रणाली कोणाच्या बळावर करते? कारण प्रोसेसने तिला जुमानलेच नाही तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या प्रोसेसरमध्येच दिलेले आहे. प्रोसेसर निदान दोन अवस्थांत काम करतो. एका अवस्थेत सर्व आज्ञा चालतात. ती कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी राखीव असते. दुसऱ्या अवस्थेत काही आज्ञा चालतच नाहीत. बाकीच्या सर्व प्रोसेसना तेथेच राहावे लागते. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये अशा चार पायऱ्या होत्या, शून्य ते तीन. प्रत्यक्षात विंडोज आणि लिनक्स यांनी प्रामुख्याने पहिली आणि शेवटची अशा दोनच वापरल्या. सामान्य प्रोसेसला फाइल हवी असेल तर ती स्वतः डिस्कला हात लावू शकत नाही. तिला गाभ्याकडे रीतसर मागणी करावी लागते. गाभा तिची ओळख पाहतो, फाइलवरील नियम पाहतो आणि मगच फाइल देतो अथवा नाकारतो. बँकेत खातेदाराला काउंटरच्या आत जाता येत नाही, खिडकीवर चिठ्ठी द्यावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

फाइलवरील नियमांची सर्वांत सुबोध मांडणी युनिक्स या कार्यप्रणालीत आढळते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. आजचे लिनक्स त्याच परंपरेतले. तेथे प्रत्येक फाइलच्या संदर्भात माणसांचे तीन वर्ग धरले जातात : मालक, मालकाचा गट आणि इतर. प्रत्येक वर्गाला तीन हक्क देता येतात अथवा नाकारता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. तीन त्रिक नऊ, एवढ्या नऊ होकार-नकारांत फाइलचा सारा बंदोबस्त सामावतो. दुकानाच्या खतावणीचेच उदाहरण घ्यावे. दिवाणजींना वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क, दुकानातील भागीदारांना केवळ वाचण्याचा, आणि गिऱ्हाइकाला कोणताच नाही. अशा व्यवस्थेत एकच वापरकर्ता नियमांपलीकडे असतो. त्याचा क्रमांक शून्य, आणि त्याला रूट म्हणतात. त्याच्यासाठी कोणतेही दार बंद नसते.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. समजा, एखाद्याला स्वतःचा पासवर्ड बदलायचा आहे. पासवर्डची नोंदवही तर रूटच्या ताब्यात. ती सर्वांना लिहू दिली तर अनर्थ होईल; कोणालाच लिहू दिली नाही तर स्वतःचा पासवर्डही बदलता येणार नाही. डेनिस रिची यांनी यावर जी युक्ती काढली, तिला पुढे १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. काही निवडक प्रोग्राम असे ठेवायचे, की कोणीही चालवले तरी ते चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतील. मात्र त्यांनी एकच ठरावीक काम करावे. खातेदार लेजरला हात लावीत नाही, पण खिडकीतील कारकून त्याच्या सांगण्यावरून त्याच्याच खात्यात एक नोंद करतो.

या कारकुनावर अर्थातच मोठी भिस्त असते. त्याला फसवता आले तर मोठ्या अधिकाराचा गैरवापर होतो. याचे उदाहरण फार जुने नाही. लिनक्समधील पीकेएक्झेक नावाच्या अशाच एका अधिकारी प्रोग्राममध्ये २००९ पासून एक दोष राहून गेला होता. तो २०२२ च्या जानेवारीत उघडकीस आला. त्याचा फायदा घेऊन संगणकावरील सामान्य वापरकर्त्याला रूट होता येत असे. जगभरच्या जाणकारांच्या नजरेखाली असलेल्या व्यवस्थेतही बारा वर्षे एक फट तशीच राहिली. म्हणून अधिकार धारण करणारे प्रोग्राम जितके थोडे, तितके बरे.

या अनुभवांचे सार १९७५ साली अमेरिकेतील जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी आपल्या निबंधात मांडले. त्यातील आठ तत्त्वांपैकी चार येथे पुरेशी आहेत. पहिले, प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. दुसरे, परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर उत्तर नकार हेच असावे. तिसरे, प्रत्येक मागणीची प्रत्येक वेळी तपासणी व्हावी. काल आत सोडले म्हणून आज न विचारता सोडू नये. चौथे, जेथे जोखीम मोठी तेथे एका किल्लीने दार उघडू नये, दोन असाव्यात. ही चारही तत्त्वे ऐकताना जुन्या पेढीवर बसलेल्या कोणालाही त्यांत नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते त्यांच्या विस्मरणाचे मूल्य.

ते मूल्य किती मोठे असू शकते, हे महाराष्ट्राने २०१७ साली पाहिले. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदर त्या वेळी जेएनपीटी या नावाने ओळखले जाई. देशाच्या कंटेनर वाहतुकीतील ते एक अग्रगण्य बंदर. नागपूरच्या अजनी येथील कंटेनर डेपोतून विदर्भाचा माल रेल्वेने याच बंदराकडे जात असे. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी भारतीय कंटेनर निगमाच्या भागीदारीत चालवीत असे. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कोठे आहे, कोणत्या जहाजावर चढायचा आहे, कोणता ट्रक आत सोडायचा, हे सांगणारी यंत्रणाच नाहीशी झाली. कामकाज हाताने चालवण्याची वेळ आली. कंटेनर साचू लागले, ट्रक खोळंबले, आणि माल बंदराच्या इतर टर्मिनलांकडे वळवण्याची धावपळ सुरू झाली.

हे संकट उरणमध्ये जन्मले नव्हते आणि त्याचा रोखही भारतावर नव्हता. युक्रेनमध्ये करविवरणे भरण्यासाठी एमईडॉक नावाचा हिशेबी प्रोग्राम सर्रास वापरला जाई. त्याच्या अद्ययावत आवृत्तीतून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने, नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरवण्यात आला. पुढे २०१८ साली अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला. मर्स्कच्या युक्रेनमधील कार्यालयातही हा हिशेबी प्रोग्राम होता. तेथून आग समूहाच्या जाळ्यात शिरली आणि जगभरातील त्यांच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांपर्यंत पोहोचली.

ती इतक्या झपाट्याने पसरली कशी, याचे उत्तर आजच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. नॉटपेट्या संगणकावर सुरू होताच सर्वप्रथम स्वतःची झडती घेत असे : माझ्याजवळ कोणकोणते विशेषाधिकार आहेत? त्यात एक अधिकार त्याला विशेष हवा असे. दुसऱ्या प्रोसेसच्या स्मृतीत डोकावण्याचा हा अधिकार विंडोजमध्ये डीबग विशेषाधिकार म्हणून ओळखला जातो. प्रोग्राममधील चुका शोधणाऱ्या अभियंत्यासाठी तो निर्माण केलेला आहे, आणि सर्वाधिकारी वापरकर्त्यांना तो आपोआप मिळतो. तो हाती लागला की नॉटपेट्या प्रवेशाची नोंद ठेवणाऱ्या प्रोसेसच्या स्मृतीतून त्या संगणकावर वावरलेल्या मोठ्या अधिकाऱ्यांची ओळखपत्रे उचलत असे. मग ती ओळखपत्रे दाखवून तो शेजारच्या संगणकात शिरे. तेथेही तीच झडती, तीच चोरी, आणि पुढचा संगणक.

विंडोजमधील एका दोषाचाही तो उपयोग करीत असे हे खरे. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्येच दिली होती. परंतु ज्यांनी ती दुरुस्ती वेळेवर बसवली, तेही सगळे वाचले नाहीत. कारण चोरलेल्या ओळखपत्रापुढे दार दुरुस्त असून उपयोग काय? खरी किल्ली घेऊन आलेल्याला कुलूप अडवीत नाही. ज्या संगणकावर त्याला पुरेसे अधिकार मिळत नसत, तेथे मात्र त्याची मजल कमी पडे. त्या वापरकर्त्याच्या फाइली तो बिघडवू शके, पण संगणक सुरू करणारा डिस्कचा आरंभभाग त्याला पुसता येत नसे आणि पुढे जाण्यासाठी मोठ्या किल्ल्याही सापडत नसत.

मर्स्कच्या अध्यक्षांनी २०१८ साली दावोस येथे सांगितलेले आकडे असे : ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्राम नव्याने बसवावे लागले, आणि हे काम दहा दिवसांत उरकण्यात आले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचा कंपनीचाच अंदाज होता.

या प्रकरणातील एक हकिकत भारनियमन अनुभवलेल्या विदर्भातील श्रोत्यांना विशेष भावेल. अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली वायर्ड मासिकात ती लिहिली आहे. कोणाला कोणते अधिकार आहेत, याची मुख्य नोंदवही मर्स्कने जगभरातील सुमारे दीडशे संगणकांवर ठेवली होती. एक बिघडला तर दुसरा असावा, हा हेतू. परंतु ते सर्व एकमेकांशी सतत जोडलेले असल्यामुळे सर्वच्या सर्व एकाच वेळी पुसले गेले. नोंदवहीच नाहीशी झाल्यावर नवे संगणक आणून तरी काय करणार? कोणाला आत सोडायचे हेच यंत्रणेला ठाऊक नव्हते. अखेर आफ्रिकेतील घाना देशात एक प्रत सुखरूप सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! त्यावरील माहिती तारेने पाठवायला फार दिवस लागले असते. म्हणून ती डिस्क माणसाच्या हाती देऊन नायजेरियामार्गे इंग्लंडला नेण्यात आली. एवढ्या बलाढ्य कंपनीचा कारभार पुन्हा उभा राहिला, तो एका गावच्या गेलेल्या विजेमुळे.

या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. उरणच्या टर्मिनलवर काम करणाऱ्या कोणीही चोरी केली नव्हती. युक्रेनच्या कार्यालयात करविवरणे भरणाऱ्यानेही काही गैर केले नव्हते. ज्यांची ओळखपत्रे वापरली गेली, ते अधिकारीही प्रामाणिकच होते. त्यांच्या नावाने जे चालले होते, ते मात्र प्रामाणिक नव्हते. जुन्या दुकानात किल्ली माणसाच्या हातात असे आणि माणूस पारखता येई. संगणकात किल्ली माणसाच्या नावावर असते आणि वापरतो प्रोग्राम. मनुष्य कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या नावाने दिवसभरात चालणाऱ्या शेकडो प्रोसेसची हमी तो देऊ शकत नाही. म्हणून अधिकार मर्यादित ठेवणे हा माणसावरील अविश्वास नव्हे. ते त्या माणसाच्या नावाचे रक्षण आहे.

मग ही शिस्त अंगी का बाणत नाही? याचे एक कारण यंत्राच्या इतिहासात आहे. घराघरांत पोहोचलेल्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एका वापरकर्त्यापासून दुसऱ्याच्या फाइलींचे रक्षण करण्याची व्यवस्थाच नव्हती. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण प्रारंभी तयार होणारी खाती सर्वाधिकाराचीच होत. २००७ साली विंडोज व्हिस्टा सर्वत्र उपलब्ध झाली आणि पद्धत बदलली. सर्वाधिकारी वापरकर्त्याचे प्रोग्रामही सामान्य अधिकारांनीच चालू लागले. मोठा अधिकार लागला तर पडदा अंधूक होऊन संमती विचारली जाऊ लागली. लोकांना हा व्यत्यय वाटला. कित्येकांनी तो बंदच करून टाकला, आणि उरलेल्यांनी न वाचता होय म्हणण्याची सवय लावून घेतली. विचारणारा द्वारपाल नेमायचा आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून होकार द्यायचा, तर त्याला नेमले कशासाठी?

मोबाइलमध्ये हाच प्रश्न अधिक सोप्या रूपात समोर येतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून वेगळा क्रमांक दिला जातो, जेणेकरून एकाने दुसऱ्याच्या माहितीला हात लावू नये. २०१५ पासून ॲपला संपर्कयादी, कॅमेरा वा ठावठिकाणा हवा असेल तर कामाच्या वेळी संमती मागावी लागते. २०२० पासून ती एका वेळेपुरतीही देता येते. विजेरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली, तर ते पोऱ्याने तिजोरीची किल्ली मागण्यासारखे आहे. घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमधील अशा दिलेल्या संमती एकदा बसून तपासल्या, तर ती फार मोठी सेवा होईल.

दोन किल्ल्यांचे तत्त्व आणि प्रत्येक मागणीची खरी तपासणी यांचे महत्त्व सहकारी क्षेत्रानेही अनुभवले आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले; त्यातील बहुतेक रक्कम २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढली गेली. एटीएमवरून आलेली मागणी बँकेच्या मुख्य खतावणीपर्यंत पोहोचून तेथून होकार यायला हवा. घुसखोरांनी मध्येच बनावट यंत्रणा उभी केली आणि तीच परस्पर होकार देत राहिली. चिठ्ठी खिडकीवर गेली, शिक्का मारून परतही आली. पण खिडकीमागे बँकेचा कारकून नव्हताच. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा आरोपींना दोषी ठरवले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. नियम फार आवळले तर काम अडते. दिवाळीच्या गर्दीत बिल करणारा मुलगा दाराशी ताटकळत राहिला, किंवा विश्वस्त परगावी असताना पासवर्डवाचून पगार थांबले, तर अशा सुरक्षेचा उपयोग काय? शिवाय घरच्याच माणसाला मर्यादा घातली तर मने दुखावतात. थोरल्याला अधिकार आणि धाकट्याला नाही, हा भेद घरात कलह आणू शकतो. म्हणून मर्यादा माणसानुसार न आखता कामानुसार आखाव्यात. जो बिले करतो त्याला बिलांपुरता अधिकार, मग तो नोकर असो, चिरंजीव असो वा स्वतः मालक असोत. मालकांनीही रोजच्या कामासाठी सामान्य खातेच वापरावे. नियम गादीवर बसलेल्याने स्वतःला लावला, की तो इतरांना जाचत नाही.

लहान संस्था, पतसंस्था, शाळा आणि दुकाने यांना हे सारे फारशा खर्चाविना साधता येते. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे आणि ते सामान्य दर्जाचे असावे. म्हणजे कोणते काम कोणाच्या नावाने झाले हेही कळते. सर्वाधिकाराचे खाते वेगळे असावे. नवा प्रोग्राम बसवताना तेवढ्यापुरते ते उघडावे, आणि त्यावरून ईमेल वा इंटरनेट कधीही पाहू नये. त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, दोन विश्वस्तांच्या सहीने कपाटात ठेवावा. म्हणजे अडचणीच्या वेळी काम अडणार नाही आणि उघडला गेला तर कळेल. सर्व संगणकांवर सर्वाधिकाराचा एकच पासवर्ड ठेवू नये. उरणच्या प्रसंगाचा हा थेट धडा आहे. बँकेतून रक्कम पाठवताना भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असावा. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. त्यात कटुता नाही, निरोपाच्या वेळी किल्ली परत घेण्यासारखेच ते आहे. आणि वर्षातून एकदा, हिशेब तपासणीच्या वेळी, कोणाकडे कोणते अधिकार आहेत याची यादीही तपासावी. अधिकार देताना सर्वांना आठवतात. काढून घ्यायचे राहून जातात.

या उपायांची मर्यादाही ध्यानी घ्यायला हवी. सामान्य खात्यावर चालणारा घातक प्रोग्रामही त्या खात्याच्या फाइली बिघडवू शकतोच. कारण त्या फाइलींवर त्या वापरकर्त्याचा हक्क असतोच. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. घानातील वीज गेली म्हणून मर्स्कची नोंदवही वाचली. तो दैवयोग होता. दर आठवड्याला तार काढून ठेवणे ही सवय आहे, आणि कारभार दैवयोगावर चालवण्यापेक्षा सवयीवर चालवलेला बरा.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते, तेव्हा तिच्या हिशेबाच्या वह्या, देणगीदारांची नावे आणि सभांची इतिवृत्ते ही तिची खरी पुंजी असते. ती पुंजी आता कागदावरून संगणकात जात आहे. जुन्या पिढीने ती दोन कुलुपांत जपली. नव्या पिढीकडे कुलुपे अधिक चांगली आहेत. ती लावण्याची सवय तेवढी जुन्यांकडून घ्यायची आहे. आजच्या कार्यक्रमानंतर घरी गेल्यावर, दुकानात वा कार्यालयात, प्रत्येकाने एवढेच पाहावे : समोरच्या संगणकावर आपण सामान्य वापरकर्ता म्हणून बसलो आहोत, की सगळा जुडगा टेबलावर टाकून?